ग्रबमधून कर्नल बदलणं: आधी एकदाच, मग कायमचं

अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि वायफाय गायब. किंवा स्क्रीन काळी, किंवा लॅपटॉप झोपवला की परत उठतच नाही. काल सगळं नीट चालत होतं, कारण काल कर्नल, म्हणजे हार्डवेअर सांभाळणारा लिनक्सचा गाभा, वेगळा होता. तो जुना कर्नल बहुतेक वेळा डिस्कवर अजून शाबूत असतो. सुरू होताना नेमका कोणता कर्नल उचलायचा एवढंच ग्रबला, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामला, सांगायचं असतं. काम दहा मिनिटांचं आहे. घोळ होतो तो घाईघाईने डिफॉल्टच बदलून टाकल्यामुळे.

इथे उबुंटू २४.०४ आणि त्यातला ग्रब २.१२ धरला आहे. उबुंटू २२.०४, डेबियन आणि लिनक्स मिंटवरही जवळपास हेच चालतं. फेडोराची पद्धत वेगळी आहे, ती पुढे थोडक्यात दिली आहे.

कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, पण टर्मिनलमध्ये ती अंकांसकट रोमन लिपीतच टाइप करायची. ग्रबच्या सेटिंग फाइलमधली ‘ग्रब_’ने सुरू होणारी नावं सगळी कॅपिटलमध्ये, बाकी सगळं लहान अक्षरांत (एकच अपवाद, तो फेडोराच्या भागात सांगितला आहे). लांबलचक नावं हाताने टाइप करू नका, स्क्रीनवरून कॉपी करा. कर्नलच्या फाइलच्या नावात, म्हणजे ‘व्हीएमलिनझ’मध्ये, शेवटी झेड असतो, एक्स नव्हे. निम्म्या लोकांची कमांड इथेच चुकते.

ग्रब वाचतो कुठून

चालू होताना ग्रब /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी ही फाइल वाचतो. तिला हात लावायचा नाही. कर्नल बसवला किंवा काढला की अपडेट-ग्रब आपोआप चालतं आणि ती फाइल नव्याने लिहिली जाते, त्यामुळे हाताने केलेला बदल पुढच्या अपडेटला पुसला जातो. आपण बदलायची ती /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल. बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा, आणि बदल केल्यावर दर वेळी

सुडो अपडेट-ग्रब

चालवा (‘सुडो’ म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने). ही कमांड विसरलात तर फाइलमधला बदल फाइलमध्येच राहतो, ग्रबला त्याचा पत्ता नसतो.

एक तिसरी छोटी फाइल आहे: /बूट/ग्रब/ग्रबएन्व्ह. बरोबर १०२४ बाइटची. ‘पुढच्या वेळी हा कर्नल’, ‘कायमचा तो कर्नल’ असे निरोप यात ठेवले जातात. ही एडिटरमध्ये उघडून सेव्ह करू नका. तिचा आकार बदलला की ग्रब ती नाकारतो. तिच्यासाठी ग्रब-एडिटएन्व्ह ही वेगळी कमांड आहे.

आधी मेनू दिसू द्या

उबुंटू एकटंच बसवलेलं असेल तर ग्रबचा मेनू लपलेला असतो आणि थांबण्याचा वेळ शून्य असतो. कर्नलशी खेळायचं असेल तर हे पहिल्यांदा बदला. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये या ओळी अशा करा:

ग्रब_टाइमआउट_स्टाइल=मेनू
ग्रब_टाइमआउट=५

अपडेट-ग्रब चालवा. आता चालू करताना पाच सेकंद मेनू दिसेल. त्यातल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये बसवलेले सगळे कर्नल असतात, प्रत्येकाच्या दोन नोंदी: एक साधी, एक रिकव्हरीची. समोर बसून एकदाच जुना कर्नल लावून पाहायचा असेल तर तो इथून निवडायचा आणि एंटर दाबायचं. काम झालं.

मशीन आधीच बिघडलं असेल आणि मेनू लपलेला असेल तर जुन्या बायोसच्या मशीनवर सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयच्या नव्या मशीनवर एस्केप दाबा. एस्केपचा मारा केला तर मेनूऐवजी ग्रबची काळी कमांड-ओळ समोर येते. घाबरू नका, तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दाबलं की ग्रब पुन्हा आपली फाइल वाचतो, आणि लगेच एकदाच एस्केप दाबलं की मेनू मिळतो.

कोणते कर्नल आहेत, आणि पूर्ण आहेत का

सध्या कोणता कर्नल चालू आहे ते यूनेम -आर सांगतं. बसवलेले पाहायला:

डीपीकेजी -एल 'लिनक्स-इमेज*'

ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ असेल तो बसलेला. ‘आरसी’ असेल तो काढून टाकलेला, फक्त त्याच्या सेटिंग उरल्या आहेत. तो बूट होणार नाही.

एवढ्यावर थांबू नका. एलएस -एलएच /बूट करून पाहा. प्रत्येक आवृत्तीची व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी.आयएमजी (सुरू होताना लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) अशी जोडी हवी. पहिली फाइल साधारण १५ एमबीची असते, दुसरी ६० ते १५० एमबीची. इनिटआरडी नसेल किंवा संशय यावा इतकी लहान असेल तर तो कर्नल अर्धवट बसला आहे. त्याला डिफॉल्ट केलंत तर मशीन अडकणार.

हवा तो जुना कर्नल डिस्कवर नसेल तर बसवता येतो. समजा ६.८.०-४५ हवा आहे:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-इमेज-६.८.०-४५-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-६.८.०-४५-जेनेरिक लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा-६.८.०-४५-जेनेरिक

तिन्ही पॅकेजं एकत्र बसवा. मॉड्यूल्स-एक्स्ट्रा राहिलं तर मशीन सुरू होतं, पण वायफाय आणि आवाजाचे पुष्कळसे ड्रायव्हर त्याच पॅकेजात असल्यामुळे ‘जुन्या कर्नलमध्येही वायफाय नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. हेडर्स राहिले तर एनव्हिडियासारखे बाहेरचे ड्रायव्हर त्या कर्नलसाठी तयारच होत नाहीत.

आकडा नको, आयडी घ्या

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ग्रब शून्यापासून मोजतो. वरच्या मेनूत पहिली ओळ ०, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ १. त्याच्या आत सगळ्यात नवा कर्नल ०, त्याची रिकव्हरी १, त्याच्या आधीचा कर्नल २. म्हणून आधीचा कर्नल म्हणजे "१>२". जिथेतिथे हाच आकडा लिहिलेला सापडतो आणि त्या दिवसापुरता तो बरोबरही असतो. पण पुढच्या आठवड्यात एक नवा कर्नल आला की तो ०वर बसतो आणि सगळी रांग दोन घरं खाली सरकते. तुम्ही ज्याच्यापासून पळत होतात तोच बिघडलेला कर्नल आता "१>२"वर येतो. तुम्ही काहीच बदललेलं नसतं, तरी मशीन पुन्हा बिघडतं आणि कारण लवकर सापडत नाही.

मेनूतलं शीर्षक वापरणंही तितकंसं भरवशाचं नाही. सिस्टमची भाषा बदलली की शीर्षकही बदलू शकतं. आयडी मात्र टिकतो. तो असा मिळवा:

सुडो ग्रेप मेनूएंट्री_आयडी_ऑप्शन /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

पहिल्या तीन ओळी ग्रबच्या स्वतःच्या तयारीच्या, त्या सोडून द्या. पुढे प्रत्येक ओळीत आधी शीर्षक आणि शेवटी अवतरणात आयडी असतो. ‘सबमेनू’ने सुरू होणाऱ्या ओळीतला आयडी ‘ग्नूलिनक्स-अ‍ॅडव्हान्स्ड-’ आणि पुढे रूट विभाजनाचा, म्हणजे सिस्टम बसवलेल्या डिस्कच्या भागाचा, लांब ओळख क्रमांक (यूयूआयडी), असा दिसतो. त्याखाली हव्या त्या कर्नलची ओळ शोधा, तिचा आयडी ‘ग्नूलिनक्स-६.८.०-४५-जेनेरिक-अ‍ॅडव्हान्स्ड-’ आणि पुढे तोच यूयूआयडी, असा असतो. मधे ‘रिकव्हरी’ असलेली ओळ घेऊ नका. दोन्ही आयडी मधे > हे चिन्ह टाकून जोडायचे, आजूबाजूला जागा न सोडता. सबमेनूचा आयडी आधी, कर्नलचा नंतर. हा जोडआयडी एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून द्या, पुढे दोनदा लागेल.

हा आयडी यूयूआयडीवर बांधलेला असतो. रूट विभाजन फॉरमॅट केलं किंवा सिस्टम नव्या डिस्कवर हलवली तर तो बदलतो. जुना आयडी सापडला नाही की ग्रब तक्रार करत बसत नाही, पहिली नोंद उचलतो आणि पुढे जातो.

एकदाच बूट करून पाहा

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये

ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड

अशी ओळ करा आणि अपडेट-ग्रब चालवा. मग आत्ता चांगला चालत असलेला कर्नल कायमचा म्हणून नोंदवा, आणि ज्याची चाचणी घ्यायची आहे तो फक्त पुढच्या एका वेळेसाठी:

सुडो ग्रब-सेट-डिफॉल्ट "चांगल्या कर्नलचा जोडआयडी"
सुडो ग्रब-रीबूट "चाचणीच्या कर्नलचा जोडआयडी"

ग्रब-रीबूटचं नाव फसवं आहे. ते मशीन रीस्टार्ट करत नाही, फक्त निरोप लिहून ठेवतं. रीस्टार्ट तुम्हीच करायचं.

अवतरणचिन्हं अजिबात विसरू नका. अवतरणाशिवाय > दिसलं की शेल (टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम) त्याचा अर्थ ‘आउटपुट फाइलमध्ये टाक’ असा घेतं. कोणी सुडो ग्रब-रीबूट १>२ असं लिहिलं तर शेल ‘२’ नावाची एक फाइल तयार करतं आणि ग्रब-रीबूटपर्यंत नोंद पोचतच नाही. होम फोल्डरमध्ये ‘२’ नावाची अनोळखी फाइल दिसली तर ती इथूनच आलेली असते.

रीस्टार्ट करण्याआधी निरोप खरंच लिहिला गेला का ते बघा:

सुडो ग्रब-एडिटएन्व्ह - लिस्ट

सेव्ह्ड_एंट्रीसमोर चांगला कर्नल आणि नेक्स्ट_एंट्रीसमोर चाचणीचा, अशा दोन ओळी दिसायला हव्यात. रीस्टार्टनंतर यूनेम -आरने खात्री करा आणि हीच लिस्ट पुन्हा पाहा. आता नेक्स्ट_एंट्रीसमोर काहीही नसावं. ग्रब तो निरोप वाचतो आणि कर्नल चढवण्याआधीच पुसून टाकतो. म्हणूनच नवा कर्नल मधेच कोसळला तरी पुढच्या वेळी मशीन आपोआप जुन्यावर येतं.

नेक्स्ट_एंट्री तशीच भरलेली राहिली असेल तर ग्रबला ती फाइल लिहिता येत नाही असं समजा. /बूट एलव्हीएमवर किंवा सॉफ्टवेअर रेडवर (डिस्क जोडण्या-विभागण्याच्या पद्धतींवर) असलं की असं होतं: ग्रब तिथून वाचू शकतो, लिहू शकत नाही. अशा मशीनवर ‘एकदाच’चा अर्थ ‘दर वेळी’ होतो. तिथे हाताने पुसावं लागतं:

सुडो ग्रब-एडिटएन्व्ह - अनसेट नेक्स्ट_एंट्री

एक-दोन दिवस नवा कर्नल नीट वापरून पाहा. वायफाय, आवाज, झोपवून उठवणं, बाहेरचा मॉनिटर, ब्लूटूथ, सगळं तपासा. मगच त्याचा जोडआयडी ग्रब-सेट-डिफॉल्टला द्या. ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू अशीही एक सोय आहे. मेनूतून जे निवडाल तेच पुढे डिफॉल्ट होतं. दोन ऑपरेटिंग सिस्टम आलटूनपालटून वापरणाऱ्याला ती बरी. कर्नल तपासणाऱ्याने ती बंदच ठेवावी, कारण चाचणीसाठी निवडलेला बिघडका कर्नलही ती डिफॉल्ट करून टाकते.

मशीन समोर नसेल तेव्हा

भाड्याचा सर्व्हर किंवा दुसऱ्या गावातलं मशीन असेल तर जास्त तयारी हवी. आधी /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब.डी हे फोल्डर उघडून पाहा. क्लाउडच्या इमेजमध्ये इथे छोट्या सीएफजी फाइली असतात आणि त्या मुख्य फाइलच्या नंतर वाचल्या जातात. मुख्य फाइलमध्ये तुम्ही काहीही लिहिलं तरी शेवटचा शब्द त्यांचा.

मग एक रिकामी फेरी करा. आत्ता चालू असलेल्याच कर्नलचा जोडआयडी ग्रब-रीबूटला द्या, रीस्टार्ट करा आणि नेक्स्ट_एंट्री पुसली गेली का ते पाहा. पुसली जात नसेल तर त्या मशीनवर हा उपाय करूच नका, सेवा देणाऱ्याचा कन्सोल उघडा आणि तिथून मेनू वापरा.

पुसली जात असेल तर ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स या ओळीतल्या अवतरणात पॅनिक=१० हे जोडा आणि अपडेट-ग्रब चालवा. कर्नल कोसळला की दहा सेकंदांनी मशीन आपणहून रीस्टार्ट होईल. रूट डिस्क सापडली नाही तर एरवी मशीन इनिटरॅमएफएसच्या (इनिटआरडीतल्या तात्पुरत्या सिस्टमच्या) शेलमध्ये कोणाची तरी वाट बघत बसतं, तेही आता रीस्टार्ट होईल. दोन्ही वेळा परत जुना कर्नल.

एक बाजू उरते: कर्नल नीट चढला, पण नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर चाललाच नाही. कर्नलच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, तुम्ही मात्र आत जाऊ शकत नाही. त्यासाठी सुडो क्रॉनटॅब -ई करून, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी उघडून,

@रीबूट /एसबिन/शटडाउन -आर +१५

ही ओळ टाका. सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत लॉगिन करून सुडो शटडाउन -सी दिलं नाही तर मशीन पुन्हा रीस्टार्ट होतं आणि जुन्या कर्नलवर येतं. जुन्यावर आल्यावरही ही ओळ जिवंतच असते. लॉगिन होताच आधी शटडाउन -सी, मग क्रॉनटॅबमधून ओळ काढणं, या क्रमाने करा, नाहीतर दर पंधरा मिनिटांनी सर्व्हर खाली जात राहील.

वीज गेल्याचाही इथे संबंध आहे. उबुंटूचा ग्रब ‘मागचं बूट पूर्ण झालं नाही’ ही खूण ठेवतो. बूट चालू असतानाच लाइट गेली तर पुढच्या वेळी मेनू ३० सेकंद थांबतो. मशीन अडकलंय असं समजून बटण दाबून बंद करू नका. तसं केलं की तीच खूण पुन्हा राहते. हा वेळ कमी करायचा तर ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=५ अशी ओळ जोडा.

अडलं तर

‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट’ असं काही दिसलं तर डिस्क गेली असं लगेच धरू नका. बहुतेक वेळा त्या कर्नलचं इनिटआरडी नसतं, आणि ते नसतं कारण ते बनवताना /बूट भरलेलं होतं. चांगल्या कर्नलवर या, डीएफ -एच /बूट पाहा, एखादा नको असलेला जुना कर्नल एपीटीने काढा. /बूटमधल्या फाइली आरएमने उडवू नका, पॅकेजची नोंद आणि डिस्क यांचा मेळ बिघडतो. जागा झाली की

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के ६.८.०-४५-जेनेरिक

आणि मग अपडेट-ग्रब.

‘बॅड शिम सिग्नेचर’ आणि त्याखाली ‘यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट’ दिसलं तर सिक्युअर बूट (फक्त मान्य सही असलेलंच चढू देणारी सोय) चालू आहे आणि कर्नलवर मान्य सही नाही. उबुंटूच्या स्वतःच्या कर्नलना सही असते, बाहेरून आणलेल्या मेनलाइन कर्नलना ती नसते. मोकयूटिल --एसबी-स्टेट करून स्थिती कळते. सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा सही असलेला कर्नल बसवणं केव्हाही चांगलं.

स्क्रीन काळी राहत असेल तर मेनूत त्या नोंदीवर जाऊन ‘ई’चं बटण दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. आत आल्यावर डीकेएमएस स्टेटस चालवा; डीकेएमएस म्हणजे बाहेरचे ड्रायव्हर कर्नलसाठी तयार करणारं साधन. एनव्हिडियाच्या नावापुढे तुमच्या कर्नलची आवृत्ती आणि ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं नाही तर त्या आवृत्तीचे हेडर्स बसवा आणि सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के देऊन पुढे आवृत्ती लिहा.

कर्नल बदलता बदलता मेनूत विंडोज नाही हे लक्षात आलं तर ते तुमच्या बदलामुळे झालेलं नाही. ग्रब २.०६पासून दुसऱ्या सिस्टम शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ टाकून अपडेट-ग्रब चालवा.

फेडोरावर प्रत्येक कर्नलची नोंद /बूट/लोडर/एंट्रीज या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत असते आणि ग्रबी नावाची कमांड सगळं सांभाळते. सुडो ग्रबी --इन्फो=ऑल (इथलं ‘ऑल’ मात्र कॅपिटलमध्ये) यादी देतं, आणि सुडो ग्रबी --सेट-डिफॉल्ट देऊन पुढे /बूटमधल्या व्हीएमलिनझ फाइलचा पूर्ण पत्ता दिला की झालं. आकड्यांचा गोंधळ तिथे उरत नाही. मात्र डीएनएफ (फेडोरावरचं एपीटीसारखं साधन) एकूण तीनच कर्नल ठेवतं. चौथा आला की सगळ्यात जुना जातो. जास्त हवे असतील तर /ईटीसी/डीएनएफ/डीएनएफ.कॉन्फमध्ये इन्स्टॉलओन्ली_लिमिट वाढवा, पण त्याआधी /बूटमध्ये जागा किती आहे ते पाहा.

जपलेला कर्नल जपून ठेवा

उबुंटूवर एपीटी ऑटोरिमूव्ह जुने कर्नल काढून टाकतं. डिफॉल्ट केलेला कर्नल आपोआप वाचेल असं धरू नका; ग्रबएन्व्हमध्ये काय लिहिलंय ते एपीटी बघत नाही. म्हणून हवा तो कर्नल ‘मी स्वतः बसवलाय’ असा नोंदवा:

सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल लिनक्स-इमेज-६.८.०-४५-जेनेरिक

हेडर्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रालाही तीच खूण लावा.

पुष्कळ जण याऐवजी लिनक्स-जेनेरिक हे मुख्य पॅकेजच होल्ड करतात. त्याने नवे कर्नल येणं थांबतं आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर हे महिनोन्‌महिने चालू ठेवणं धोक्याचं आहे. नवे कर्नल येऊ द्या, ते /बूटमध्ये पडून राहतील, ग्रब तुम्ही ठरवलेलाच उचलेल. प्रत्येक नवा आला की त्याचा आयडी काढा आणि ग्रब-रीबूटने एक फेरी मारून पाहा. ज्या दिवशी वायफाय नीट चालेल त्या दिवशी ग्रब_डिफॉल्ट पुन्हा ० करा, अपडेट-ग्रब चालवा, आणि जुन्या कर्नलच्या तिन्ही पॅकेजांवर सुडो एपीटी-मार्क ऑटो चालवून खूण काढून टाका. पुढच्या ऑटोरिमूव्हच्या वेळी एपीटी तो स्वतःच उचलून नेईल.